स्ट्रोक पुनर्वसनाचा शोधनिबंध कसा पारखायचा

निष्कर्ष आधी वाचू नकोस. थेट पद्धतीत शिर आणि कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या रुग्णांना, नेमकं काय मिळालं ते शोध. २०१५ चा ‘अ‍ॅव्हर्ट’ हा प्रयोग घे: २१०४ रुग्ण, स्ट्रोकनंतर २४ तासांत अंथरुणातून उठवणं. तीन महिन्यांनी चांगली स्थिती लवकर उठवलेल्यांत ४६ टक्के, नेहमीच्या उपचारात ५०. मग लवकर उठवणंच चूक? तक्ता बघ. पहिल्यांदा उठवल्याची मध्यक वेळ १८.५ आणि २२.४ तास, फरक जेमतेम चार तासांचा. खरी तफावत मात्रेत आहे: अंथरुणाबाहेरच्या हालचालीला लवकर उठवलेल्यांत दिवसाला ३१ मिनिटं आणि नेहमीच्या उपचारात १० मिनिटं. शीर्षकावरून हे कधीच कळत नाही.

पेड्रो गुण, म्हणजे पुनर्वसनाच्या प्रयोगाची पद्धत किती पक्की आहे ते सांगणारे गुण, दहापैकी असतात, पण व्यायामाचा उपचार रुग्ण आणि थेरपिस्टपासून लपवता येत नाही, त्यामुळे व्यवहारात आठ म्हणजे उत्तमच. सहा बघून नाक मुरडू नकोस. मोजमाप करणाऱ्याला गट ठाऊक होता का, ते तपास.

पी-व्हॅल्यूवर, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता तपासणाऱ्या आकड्यावर, भाळू नकोस. स्ट्रोकनंतर हाताची हालचाल मोजणारी फुगल-मायर चाचणी ६६ गुणांची. दोन गुणांची वाढ संख्याशास्त्रात बसेल, पण तेवढ्याने पेला तोंडापर्यंत जाईलच असं नाही. जुन्या स्ट्रोकमध्ये साधारण पाच गुणांचा बदल अर्थपूर्ण धरतात. आणि पहिल्या तीन महिन्यांतले रुग्ण असून कंट्रोल गटच नसेल, तर सुधारणेचं श्रेय उपचाराला देऊ नकोस. त्या काळात मेंदू आपणहूनही सावरत असतो.