साठ ऑर्डरी आल्या, पैसा कुठे गेला?
वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकान आणि जाहिरात

या वेळी छोट्या ऑनलाइन दुकानांच्या जाहिरातींबद्दलचे सहा प्रश्न घेतले आहेत. ज्यांनी आकडे कळवले, त्यांना उत्तरही आकड्यांतच दिलं आहे.

प्रश्न : आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यात इन्स्टाग्राम जाहिरातीवर 15,000 रुपये खर्च केले. 60 ऑर्डरी आल्या, सरासरी ऑर्डर 700 रुपयांची. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (जाहिराती चालवण्याच्या पानावर) रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागची विक्री, 2.8 दिसतो. तरी महिनाअखेर हातात काहीच उरलं नाही. 48 ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) होत्या, त्यांतली 16 पार्सलं परत आली. खर्चाचे आकडे सोबत पाठवत आहे. – सातारा

अ‍ॅड्स मॅनेजर ऑर्डर नोंदली गेली की विक्री धरतो. पार्सल ग्राहकाने घेतलं की दारातून परत पाठवलं, हे त्याला कळत नाही. म्हणून 2.8 हा आकडा बाजूला ठेवा आणि तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून एका ऑर्डरमागे काय उरतं ते पाहू.

700 रुपयांतून जीएसटीचे 33, माल आणि पॅकिंगचे 290, कुरियरचे 75 गेले. सीओडी असेल तर कुरियर कंपनीचं सीओडी शुल्क 35, आधी पैसे भरले असतील (प्रीपेड) तर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे 17. म्हणजे पोहोचलेल्या सीओडी ऑर्डरमागे 267 आणि प्रीपेड ऑर्डरमागे 285 रुपये उरतात. 32 सीओडी आणि 12 प्रीपेड मिळून 11,964 रुपये झाले. परत आलेल्या प्रत्येक पार्सलावर जायचे 75, यायचे 70 आणि वाया गेलेल्या पॅकिंगचे 15 असे 160 रुपये गेले. 16 पार्सलांचे 2,560. उरले 9,404. त्यातून जाहिरातीचे 15,000 वजा केले की 5,596 रुपयांचा तोटा. जाहिरातीच्या बिलावरच्या 18 टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची तुमच्या देय करातून वजावट) तुम्ही घेता असं इथे धरलं आहे. जाहिरात खात्याच्या बिलिंग सेटिंगमध्ये जीएसटी क्रमांक भरलेला नसेल तर ते क्रेडिट अडकतं आणि तोट्यात आणखी 2,700 रुपयांची भर पडते. आजच तपासा.

9,404 ला 60 ने भागलं की 157 येतात. आजच्या परिस्थितीत एक ऑर्डर मिळवायला तुम्हाला परवडणारी ही कमाल रक्कम आहे, आणि तुम्ही 250 देताय. जाहिरात बदलून हा फरक भरून काढायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. आमच्या मते तुमच्या बाबतीत आधी दुसऱ्या दोन जागी हात घालायला हवा.

पहिली जागा परतावा, म्हणजे परत येणारी पार्सलं. सीओडी ऑर्डर आली की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता आणि रक्कम पाठवून 'हो' असं उत्तर घ्या. पत्त्यात घर क्रमांक किंवा जवळची खूण नसेल तर पार्सल बांधूच नका, फोन करा. उत्तर न देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकदा विचारा, मग ऑर्डर रद्द करा. कुरियरच्या पॅनेलवर 'ग्राहक उपलब्ध नाही' असा एनडीआर (डिलिव्हरी न झाल्याचा) शेरा आला की त्याच दिवशी ग्राहकाशी बोलून पुन्हा डिलिव्हरी लावा. उशीर झाला की पार्सल आपोआप परतीच्या वाटेला लागतं. प्रीपेडला 40 रुपये सवलत द्या. ती परवडते, कारण परत आलेल्या पार्सलांचा खर्च आज तुमच्या प्रत्येक सीओडी ऑर्डरवर सरासरी 53 रुपये बसतोय. ज्या पिनकोडवरून दोन-तीनदा परतावा आला, तिथे सीओडी बंद करा.

दुसरी जागा खोका. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000. तुमचा 25 × 20 × 12 चा खोका 1.2 किलो भरतो, म्हणून 600 ग्रॅम मसाल्याला दीड किलोचा दर लागतो. पाकिटं जाड कुरियर पिशवीत आडवी लावली तर हेच पार्सल एक किलोच्या दरात बसेल, आणि 200 ग्रॅमचं चौथं पाकीटही त्याच दरात जाईल. तेव्हा वेबसाइटवर 'चार पाकिटांचा संच' हा सर्वांत ठळक पर्याय ठेवा. 230 रुपयांच्या चौथ्या पाकिटातून, माल आणि कर वजा जाता, सुमारे 129 रुपये उरतात.

परतावा 16 वरून 8 वर आला तर 3,416 रुपये वाचतात. पोहोचलेल्या 52 पैकी निम्म्या ग्राहकांनी चौथं पाकीट घेतलं तर 3,354 रुपये वाढतात. एवढ्यावर 5,596 रुपयांच्या तोट्याचा 1,174 रुपयांचा नफा होतो. कुरियरच्या दरातली बचत यात धरलेलीच नाही.

प्रश्न : साड्यांच्या रीलला बूस्ट करते. लाइक भरपूर येतात, चौकशी थोडी, विक्री नाही. रोजचे 500 रुपये पुरेसे नाहीत का? – येवला

बूस्टचं (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं) बटण दाबलं की बहुधा पोस्टला प्रतिसाद किंवा प्रोफाइलला भेट हेच उद्दिष्ट निवडलं जातं. मेटा, म्हणजे इन्स्टाग्रामची कंपनी, मग लाइक करायची सवय असलेली माणसं शोधतं, आणि ती शोधून देतंही. साड्या विकायच्या असतील तर अ‍ॅड्स मॅनेजरमधून 'सेल्स' उद्दिष्टाची मोहीम करा आणि रूपांतरणासाठी (जाहिरात पाहून ग्राहकाने करायची कृती) 'पर्चेस', म्हणजे खरेदी, ही घटना निवडा. त्यासाठी वेबसाइटवर पिक्सेल, म्हणजे ग्राहकाने काय केलं ते मेटाला कळवणारा कोड, बसवलेला हवा.

500 रुपये कमी नाहीत, पण त्यांचे तुकडे करू नका. शिकण्याचा टप्पा, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाला उमगण्याचा काळ, पार करायला एका अ‍ॅड सेटला (एका प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण 50 रूपांतरणं लागतात. पुणे, मुंबई, नाशिक, महिला 25 ते 35, महिला 35 ते 50 असे पाच अ‍ॅड सेट केलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज 100 रुपये येतात आणि एकही शिकत नाही. एक मोहीम, एक अ‍ॅड सेट, त्यात तीन-चार वेगळ्या जाहिराती, एवढंच ठेवा. पैठणीसारख्या महाग वस्तूची आठवड्यात 50 विक्री होणं शक्यच नसतं. तिथे 'पर्चेस'ऐवजी 'अ‍ॅड टू कार्ट' किंवा 'इनिशिएट चेकआउट' निवडावं. पहिला आठवडा काहीही बदलू नका. प्रेक्षक, चित्र किंवा उद्दिष्ट बदललं की शिकणं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि ही चूक फार जण करतात.

रीलमध्ये पहिल्या तीन सेकंदांत पदर आणि काठ दिवसाच्या उजेडात दिसू द्या, आणि किंमत लिहा. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहिलं की चौकशांचा ढीग लागतो, त्यात घेणारे कमी. हातमाग की यंत्रमाग, रेशीम शुद्ध की मिश्र, जर कसली, हेही स्पष्ट लिहा. पैठणी घेणारी बाई हे विचारणारच, आणि न लिहिणाऱ्या दुकानावर ती विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : मेटा 40 विक्री दाखवतो, गूगल अ‍ॅनॅलिटिक्स 22, आणि दुकानाच्या डॅशबोर्डवर 31 आहेत. खरं काय मानू? – ठाणे

31. त्यातूनही पोहोचलेल्या ऑर्डरी. बाकी दोन आकडे का वेगळे आहेत ते मात्र समजून घ्या, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगे दोष असतात.

मेटा जाहिरातीवर क्लिक केल्यापासून 7 दिवसांत, किंवा ती नुसती पाहिल्यापासून 1 दिवसात झालेली विक्री स्वतःच्या खात्यात धरतो. ग्राहक नंतर गूगलवरून आला असला तरी. तरीही दुकानातल्या एकूण विक्रीपेक्षा मेटाचा आकडा मोठा असेल, तर पहिला संशय दुहेरी पिक्सेलचा. एकदा थीमच्या कोडमध्ये आणि एकदा अ‍ॅपमधून तो बसवलेला असतो. क्रोममध्ये 'मेटा पिक्सेल हेल्पर' घालून एक चाचणी ऑर्डर करा. 'पर्चेस' दोनदा दिसला तर एक काढून टाका. कन्व्हर्जन्स एपीआय (सर्व्हरकडून थेट मेटाला विक्री कळवण्याची सोय) हीही चालू असेल तर ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हींकडून जाणारा इव्हेंट आयडी (त्या नोंदीचा ओळख क्रमांक) एकच हवा, नाहीतर एक विक्री दोन मोजली जाते.

गूगलचा आकडा कमी असण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण यूपीआय. ग्राहक पैसे भरायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पैसे जातात, आणि तो ब्राउझरकडे परततच नाही. 'धन्यवाद'चं पान उघडलं नाही, म्हणून ब्राउझरमधली नोंदही झाली नाही. यावर उपाय म्हणजे सर्व्हरकडून विक्री कळवणं. तुमच्या दुकानाच्या प्लॅटफॉर्ममध्ये ती सोय असेल तर चालू करा. दुसरं, विक्रीचा स्रोत म्हणून पेमेंट गेटवेचंच नाव दिसत असेल तर अ‍ॅनॅलिटिक्सच्या डेटा स्ट्रीममध्ये टॅग सेटिंग उघडून 'अनवाँटेड रेफरल्स'च्या यादीत गेटवेचं डोमेन टाका. आणि यूटीएमची (ग्राहक कुठून आला हे सांगणाऱ्या, लिंकला जोडलेल्या खुणांची) नावं कायम लहान रोमन अक्षरांत लिहा. एकदा मोठ्या अक्षराने आणि एकदा लहान अक्षराने सुरू केलेलं 'इन्स्टाग्राम' गूगलला दोन वेगळे स्रोत वाटतात.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर 900 ग्राहक आहेत. ब्रॉडकास्ट पाठवला तर फार थोड्यांना पोहोचतो. एकाच वेळी सगळ्यांना पाठवणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? – सोलापूर

घेऊ नका. अनधिकृत सॉफ्टवेअरने नंबर कायमचा बंद होऊ शकतो, आणि त्याच नंबरवर तुमचे सगळे ग्राहक आहेत.

एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश जातो. अडचण बहुधा इथेच आहे. प्रत्येक पार्सलात क्यूआर असलेलं छोटं कार्ड घाला : 'नंबर साठवा, पुढच्या ऑर्डरची माहिती इथेच मिळेल.' पार्सल पोहोचल्यावरच्या पहिल्या संदेशातही हीच विनंती करा. त्या वेळी ग्राहक उत्तर देतो.

सगळ्यांना एकच जाहिरात पाठवण्यापेक्षा लेबलं लावा. शेंगा चटणीचं पाव किलोचं पाकीट घरात साधारण महिनाभर पुरत असेल, तर खरेदीच्या महिन्याप्रमाणे लेबल लावून पंचविसाव्या दिवशी 'संपत आली असेल तर कळवा' एवढाच संदेश पाठवा. महिन्याला दोनपेक्षा जास्त प्रचाराचे संदेश नकोत. लोक वैतागून ब्लॉक करतात, आणि ब्लॉक वाढले की नंबरवर मर्यादा येते. ग्राहक काही हजारांवर गेले की अधिकृत एपीआय, म्हणजे व्यवसायांसाठीची व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःची मोठी सोय, घ्या. तिथे संदेशाचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, प्रचाराच्या संदेशाला पैसे पडतात, आणि ग्राहकाची संमती लागते.

प्रश्न : कोकमाची उत्पादनं विकतो. गूगल मर्चंट सेंटरने (गूगलवर वस्तू दाखवण्यासाठीच्या खात्याने) 'मिसरिप्रेझेंटेशन', म्हणजे दिशाभूल, म्हणून खातं अडवलं. शिवाय वेबसाइटवर शोधातून कोणी येत नाही. – कुडाळ

हा शिक्का बसला की आपण फसवणारे ठरलो असं वाटतं. बहुतेकदा कारण साधं असतं : वेबसाइटवर पूर्ण पत्ता आणि फोन नाही, परताव्याचं धोरण दुसरीकडून उचललेलं आहे, खात्यातलं व्यवसायाचं नाव आणि वेबसाइटवरचं नाव जुळत नाही, किंवा फीडमधली (गूगलला दिलेल्या वस्तूंच्या यादीतली) किंमत पानावरच्या किमतीपेक्षा वेगळी आहे. हे सगळं नीट करा, दोन दिवस जाऊ द्या, मगच फेरतपासणी मागा. घाईने पुन्हा पुन्हा मागितली तर पुढच्या विनंतीआधी थांबावं लागतं. घरगुती मालाला बारकोड क्रमांक नसतो. तिथे खोटा क्रमांक भरू नका, 'आयडेंटिफायर एक्झिस्ट्स' या रकान्यात 'नो' लिहा. फोटोवर 'सेल'ची पट्टी किंवा वॉटरमार्क असेल तर ती वस्तू नाकारली जाते.

शोधाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तुमच्या उत्पादनाची नावं गावागणिक बदलतात. वाळवलेल्या सालीला कोकणात सोलं म्हणतात, पुण्यात आमसुलं. आगळ म्हणजे मिठातला घट्ट रस. त्यात साखर नसते. अमृत कोकम म्हणजे साखरेचं सरबत. 'कोकम ज्यूस' एवढंच नाव दिलं तर सरबत समजून कुणी आगळ मागवतो, आणि पाण्यात ओतून प्यायला की तक्रार करतो. म्हणून शीर्षकात आधी वस्तू आणि प्रमाण : 'कोकम आगळ, बिनसाखरेचं, सोलकढीसाठी, 1 लिटर'. शीर्षकाला 150 अक्षरांची मुभा असली तरी फोनवर सुरुवातीचाच भाग दिसतो. वर्णनात सोलं, आमसुलं, कोकम ही सगळी नावं देवनागरीत आणि रोमनमध्येही येऊ द्या, कारण लोक दोन्ही लिपींत शोधतात. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात 'परफॉर्मन्स'खाली कोणत्या शब्दांवर तुमचं पान दिसतं ते कळतं. जिथे पान दिसतंय पण क्लिक नाहीत, त्या पानाचं शीर्षक आधी सुधारा. पानाचा पत्ता मात्र रोमनमध्येच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याची टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक त्यावर क्लिक करायला बिचकतात.

प्रश्न : 'फक्त 2 शिल्लक' आणि उलटी मोजणी दाखवणारं अ‍ॅप विक्री वाढवतं असं ऐकलं. लावावं का? – नागपूर

दोनच शिल्लक असतील तर जरूर दाखवा. पान पुन्हा उघडल्यावर घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होत असेल, तर ती ग्राहकाची फसवणूक आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाइटवरच्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये 13 प्रकार दिले आहेत, त्यात खोटी घाई पहिल्यांदा येते. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि शेवटच्या पायरीला शुल्क वाढवणं हेही त्यातच येतं. घाईची खरी कारणं तुमच्याकडे असतील तर तीच लिहा : संत्र्याचा बहर कधी संपतो, पुढचा घाणा कधी निघणार, शुक्रवारी दुपारी 2 नंतर आलेली ऑर्डर सोमवारी निघेल.