डिसेंबरात ट्राउट मिळेल का?

प्रश्न : डिसेंबरात हिमाचलला चाललोय, तीर्थन नदीत फ्लाय फिशिंग करून ट्राउट पकडायचाय. तोवर गंगापूर धरणावर प्रॅक्टिस केली तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, डिसेंबर नको! हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीतच नदीतळाच्या खडीत अंडी घालतो, त्यामुळे मार्चमध्ये जा आणि मत्स्य विभागाचं लायसन्स आधी काढा. तेव्हाही पाणी गारठलेलंच असतं, मासा सुस्त, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायकडे, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या आमिषाकडे, सहसा बघत पण नाही, म्हणून बुडणारी निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) लावायची, ती तळाजवळून प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यायची आणि पहाटे उठून कुडकुडण्यापेक्षा दुपारी ऊन पडल्यावर जायचं. लाइन मध्येच जराशी थबकली की लगेच रॉड उचला, झटक्याची वाट बघू नका.

गंगापूरला ट्राउट नाही, आपली थंडी कितीही कडक असली तरी पाणी त्याला गरमच. पण कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, शिकायला पाणी कशाला हवं? मोकळ्या ग्राउंडवर हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, रॉड मागे नेला की लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, इथेच सगळे घाई करतात. गवतावरच करा हं, सिमेंटवर लाइन खरवडते.