१९४४ च्या जीपला सगळीकडे जीएल-५ चालेल का?

तुम्ही विचारलंय की जीप १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू आहे, इंजिन झालं, आता गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्सपासून डिफ्रन्शियलपर्यंत (एक्सलच्या मधला गिअरसंच) सगळीकडे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओता, ते नवीन आणि भारी आहे. ऐकू का?

अर्धंच ऐका. डिफ्रन्शियलमध्ये जरूर घाला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) मात्र जीएल-४, दाटपणा एसएई ९०.

ही चूक मी स्वतः करून बसलोय. माझ्या विलीज कंपनीच्या जीपच्या टी-८४ गिअरबॉक्समध्ये हौसेने जीएल-५ भरलं. दीड वर्षाने बॉक्स उघडला तर पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) काळ्याठिक्कर, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खर्रर्र. त्या रिंगा शोधता शोधता नाकी नऊ आले.

कारण असं की या जीपच्या डिफ्रन्शियलमध्ये दाते हायपॉइड आहेत. पिनियन (छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यापेक्षा खाली बसतो, त्यामुळे दाते फिरता फिरता एकमेकांवर घासत सरकतात. तो दाब सोसायला तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं लागतात, आणि ती जीएल-५ मध्ये जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. लोखंडाला ती वाचवतात, पण तेल तापलं की पितळ आणि ब्राँझला खातात. ट्रान्सफर केसमध्येही ब्राँझचे थ्रस्ट वॉशर आहेत. शिवाय मधल्या बेअरिंगमधून तेल इकडचं तिकडे सरकतं, म्हणून या दोघांत तेल एकच ठेवायचं.

डब्यावरचे लष्करी आकडे वाचताना डोळे उघडे ठेवा. नुसतं एमआयएल-एल-२१०५ म्हणजे जीएल-४ च्या जवळचं, पण १९६२ पासून पुढे 'बी' लागलं की ते जीएल-५. एका अक्षराचा फरक. काही नवी तेलं पितळाला सुरक्षित असल्याचं सांगतात. त्यांच्या माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल १ए किंवा १बी (पट्टी जेमतेम काळवंडली) असेल तरच विश्वास ठेवा.

गिअरचा आवाज दाबायला जास्त दाट, एसएई १४० तेल घालायचा सल्लाही मिळेल. नका घालू. मिस्त्रीला आवाज लपवायचा असतो, तुम्हाला बेअरिंग बदलायचं असतं. गळती दिसली तर आधी एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) साफ करा. तो चोंदला की गरम हवा तेलालाच सीलबाहेर ढकलते.

अंदाजासाठी: गिअरबॉक्समध्ये साधारण ०.७ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये १.४, प्रत्येक डिफ्रन्शियलमध्ये १.२. तेल भरायच्या प्लगच्या काठाशी आलं की थांबा. पुढच्या चाकांच्या गोल नकलमध्ये (चाक वळवणारा सांधा) मात्र तेल नव्हे, ग्रीस.

आणि हो, जुनं तेल काढायला खालचा प्लग सोडण्याआधी वरचा, भरायचा प्लग उघडतोय ना ते बघा. खालून सगळं सांडून झाल्यावर वरचा गंजलेला प्लग हलेना, म्हणून मी एकदा अख्खा रविवार गाडीखाली काढलाय.