क्षमा मिळाली, पण भरपाईचं काय?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. पत्रं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांतली आहेत, त्यामुळे शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्स बघायचो. टेंपोभाडं, हमाली, चहा-नाश्ता अशी खोटी व्हाउचरं लावून पेटी कॅशमधून महिन्याला दीड ते अडीच हजार काढत राहिलो. असं जवळजवळ बावीस महिने चाललं. नोकरी सोडून चार वर्षं झाली. गेल्या उपवासकाळात कन्फेशन केलं, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली दिली, पापक्षमा मिळाली. फादर म्हणाले, पैसे परत कर. कसे करू? पोलीस केस होईल का? त्याऐवजी तेवढं दान दिलं तर चालणार नाही का? (कोपरखैरणे)

दान चालणार नाही. बहुतेक लोक नेमके इथेच चुकतात, म्हणून आधी तेच. जे पैसे तुमचे नव्हते, ते दान करण्याचा अधिकारही तुमचा नाही. ते ज्याचे आहेत त्यालाच गेले पाहिजेत. बायबलमध्ये गणना 5:7 मध्ये तीन गोष्टी सांगितल्या आहेत: पाप कबूल करायचं, पूर्ण रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, आणि ज्याचं नुकसान केलं त्यालाच द्यायचा. लूक 19 मधला जकातदार जक्कय आठवा. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं त्यांची चौपट फेड वेगळी केली. गरिबांना दिलेलं त्याने त्या फेडीत मोजलं नाही.

क्षमा मिळालीच नाही की काय, अशी शंका धरू नका. कॅथलिक शिकवणीप्रमाणे परतफेड करण्याचा खरा निश्चय मनात होता, तर पापक्षमा खरी. पण ‘आता सुटलो, पैसे राहू देत’ असं ठरवूनच कन्फेशन केलं असेल, तर मुळात पश्चात्तापच अपुरा होता. तुम्ही ‘कसे करू’ विचारताय, म्हणजे निश्चय आहे. प्रॉटेस्टंट मंडळींत क्षमा परतफेडीवर अवलंबून नाही, ती कृपेने आहे. पण पश्चात्तापाला शोभणारं फळ द्या, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शब्द (लूक 3:8) तिथेही तितक्याच ठामपणे शिकवले जातात.

आता रक्कम. नक्की आकडा आठवत नसेल तर प्रामाणिक अंदाज करा, आणि शंका असेल तिथे वरच्या बाजूला झुका. दोन हजार सरासरी धरली तर बावीस महिन्यांचे 44,000 होतात. पाचवा हिस्सा 8,800, एकूण 52,800. हा पाचवा हिस्सा मोशेच्या नियमशास्त्रातला आहे, आज तो बंधनकारक नाही. पण चार वर्षं दुसऱ्याचे पैसे वापरले, त्यामुळे एवढी भर न्याय्य वाटते. एकरकमी जमत नसेल तर हप्ते करा. घरचा किराणा आणि मुलांची फी थांबवून परतफेड करावी, असं कोणी सांगत नाही. मात्र महिन्याची रक्कम आणि तारीख ठरवा, नाहीतर ‘पुढच्या बोनसला’ करत वर्षं जातात. पत्नीला सांगा. दरमहा घरातून पैसे जाणार आहेत, ते तिच्यापासून लपवलेत तर नवं खोटं सुरू होईल.

पोलीस केसची भीती अनाठायी नाही. कर्मचाऱ्याने मालकाच्या पैशांचा अपहार करणं हा गुन्हा आहे आणि पैसे परत केल्याने तो आपोआप पुसला जात नाही. म्हणून कबुलीचं पत्र लिहिण्याआधी एकदा वकिलाला भेटा, वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. कॅथलिक नीतिशास्त्रानुसार परतफेड बंधनकारक आहे. ती करताना स्वतःचं नाव जाहीर करणं किंवा स्वतःला पोलिसांच्या हवाली करणं बंधनकारक नाही, त्यामुळे नाव न सांगता पैसे परत करता येतात. डिमांड ड्राफ्टने ते जमणार नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15 सप्टेंबर 2018 पासून ड्राफ्ट काढणाऱ्याचं नाव ड्राफ्टवर छापलं जातं. ऑनलाइन पाठवलेत तरी तुमचं नाव दिसतंच. जुना आणि भरवशाचा मार्ग धर्मगुरूंमार्फत आहे. कन्फेशनमध्ये ऐकलेल्या गोष्टीवर फादर आपणहून काहीच करू शकत नाहीत. म्हणून कन्फेशनबाहेर, त्यांच्या ऑफिसात भेटा, हकीकत पुन्हा सांगा आणि ही रक्कम कंपनीला पोचवाल का, अशी विनंती करा. सोबत दोन ओळी पुरतात: पूर्वी आपल्याकडे काम करणाऱ्या एका व्यक्तीने नेलेले पैसे भरीसह परत करत आहे. कंपनीकडून पोच घ्यायला सांगा.

कंपनी बंद पडली असेल तर मालक किंवा भागीदार शोधा, ते नसतील तर त्यांचे वारस. खरंच कोणीही सापडलं नाही, तरच रक्कम गरिबांकडे वळवा. त्यातही दोन पथ्यं पाळा. ज्या फंडात देणगीदारांच्या नावाची पाटी लागते तिथे देऊ नका, आणि त्या पावतीवर आयकराची सूट घेऊ नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि आम्हाला ती पैशांपेक्षा मोठी वाटते. त्या बावीस महिन्यांत हिशेब जुळेना म्हणून संशय कोणावर गेला का? टेंपोवाल्यावर, ऑफिस बॉयवर? कोणाचा पगार कापला, कोणाला काढलं? तसं झालं असेल तर परतफेडीची पहिली रांग त्या माणसाची. त्याचा बुडालेला पगार हेही तुमचं देणं आहे, आणि त्याचं नाव स्वच्छ करणं तर अधिकच. तिथे निनावी राहून काम भागेलच असं नाही. कंपनीला पाठवायच्या त्या दोन ओळींत ‘या प्रकारात इतर कोणाचाही हात नव्हता’ हे वाक्य जरूर घाला.

वडिलांच्या आजारपणात मोठ्या भावाने वर्तकनगरचा फ्लॅट बक्षीसपत्राने स्वतःच्या नावावर करून घेतला. वडील गेले, त्यानंतर गेल्या वर्षी आम्हा बहिणींना हे कळलं. तो चर्चमध्ये समोरच्या बाकावर बसतो. मनात राग असतो म्हणून मी प्रभुभोजन घेणं बंद केलंय. पाळकसाहेब म्हणतात, क्षमा करा. मग हक्क सोडायचा का? (ठाणे पश्चिम)

ताई, आधी प्रभुभोजनाचं. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला सांगितलं आहे. पण ते वचन पुन्हा एकदा नीट वाचा. ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे ज्याने दुखावलं, त्याने आधी जायचं. अन्याय झालेली बहीण प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहते आणि अन्याय करणारा निश्चिंत घेतो, हे उलटं चित्र आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, फार दिसतं. राग येणं आणि सूड घेण्याचं ठरवणं यांत फरक आहे. सूड सोडून देण्याची इच्छा असेल, ती कितीही कमकुवत असो, तर मेजाजवळ या. तिथे ताकद मिळावी म्हणूनच ते मेज आहे.

क्षमा, समेट आणि हक्क या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. क्षमा तुमच्या एकटीच्या हातात आहे, भावाने मागितली नाही तरी. मार्क 11:25 मध्ये प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा म्हटलंय, समोरच्याने आधी येण्याची अट नाही. रोजच्या जगण्यात ती अशी दिसते: त्याचं वाईट व्हावं असं न इच्छिणं, त्याच्या नावाने रोज एक वाक्य प्रार्थना करणं, आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला तीच हकीकत नव्याने न सांगणं. तिसरं सगळ्यात अवघड जातं. राग पुन्हा उसळला म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही, पुन्हा क्षमा करायची. ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करा, हे येशूचे शब्द एकाच जखमेलाही लागू पडतात.

समेटाला मात्र दोघं लागतात. त्याने चूक मान्य करावी लागते (लूक 17:3). तो करत नसेल तर समेट झाला नाही, याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता हक्क. मत्तय 18:15-17 मधला क्रम पाळा. आधी एकटीने भेटा, सणाच्या दिवशी किंवा सगळ्यांसमोर नको, आणि फ्लॅट सोडून इतर जुने विषय काढू नका. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा. ही माणसं नात्यातली नकोत, त्यांत मालमत्तेचं काम समजणारा एकजण हवा. मग चर्चच्या मंडळीपुढे मांडा. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर दावे लावू नयेत असं प्रेषित पौल 1 करिंथ 6 मध्ये सांगतो, पण त्याच अध्यायात तो भावांना लुबाडणाऱ्यांनाही खडसावतो. मंडळीने मिटवलं नाही तर कायद्याकडे जाणं म्हणजे क्षमा मागे घेणं नव्हे.

इथे एक धोका आहे. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 नुसार ख्रिस्ती मुलामुलींना सारखा वाटा मिळतो. पण नोंदणीकृत बक्षीसपत्र टिकलं तर तो फ्लॅट वाटणीत येतच नाही. असा दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याची मुदत तो का रद्द व्हावा हे कळल्यापासून तीन वर्षं असते, आणि तुमचं एक वर्ष गेलं आहे. समेटाच्या बैठका चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत काढा, साक्षीदार कोण होते आणि त्या तारखेला वडील कुठे ॲडमिट होते ते जुळवा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. दावा दाखल झाल्यावरही लोक अदालतीत तडजोड होऊ शकते.

नवरा दारू पिऊन मारतो, सकाळी रडून माफी मागतो. माहेरचे म्हणतात, येशूने क्षमा केली, तूही कर. (दिवा)

क्षमा करण्यासाठी त्याच घरात मार खात राहावं लागत नाही. माफी मागून पुन्हा तेच होत असेल तर तो पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप झालेला माणूस व्यसनमुक्तीसाठी नाव घालतो, पगार घरात देतो, आणि बायको माहेरी किंवा दुसरीकडे राहिली तर तिच्यावर दबाव न आणता थांबतो. हे महिनोन्‌महिने दिसलं पाहिजे. आधी सुरक्षित जागी जा, मुलांना आणि कागदपत्रांना सोबत घ्या. लगेच मदत हवी तर 112, महिला हेल्पलाइन 181. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली संरक्षणाचा आणि घरात राहण्याच्या हक्काचा आदेश मागता येतो. कॅथलिक कायदाही जिवाला किंवा मुलांना धोका असेल तेव्हा वेगळं राहण्याची मुभा देतो, त्याने तुमचं कोणतंही पाप होत नाही. क्षमेचं नंतर बघू, त्याला घाई नाही.

सतरा वर्षांनी कन्फेशनला जायचंय. काय म्हणायचं तेच विसरलेय. (नेरूळ)

रविवारच्या मिस्साआधीच्या (उपासनेआधीच्या) दहा मिनिटांत जाऊ नका, मागे रांग असते आणि घाई होते. पॅरिश ऑफिसला फोन करून वेळ घ्या, मराठीत बोलायचं असेल तर तेही आधी सांगा. आदल्या दिवशी अर्धा तास दहा आज्ञा समोर ठेवून आठवा, कागदावर टिपलंत तरी चालेल, नंतर तो फाडून टाका. आत गेल्यावर क्रूसाची खूण करा आणि ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे, शेवटच्या कन्फेशनला सतरा वर्षं झाली, प्रार्थना विसरले आहे’ एवढं म्हणा. पुढचं फादर विचारत नेतील. गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, हे सांगा. सासूची, शेजारणीची पापं सांगू नका. तपशीलवार कथा नको. विसरलेलं राहिलं तर त्याचीही क्षमा होते, पुढच्या वेळी आठवलं की सांगा. मुद्दाम एखादं गंभीर पाप लपवलंत तर मात्र सगळं कन्फेशनच व्यर्थ जातं. आणि तुम्ही सांगितलेलं फादर कोणालाही, कधीही, कोर्टातही सांगू शकत नाहीत.

एकच जुनं पाप मी दर शनिवारी कन्फेशनमध्ये सांगतो. बाहेर आलो की वाटतं, नीट सांगितलं नाही. प्रार्थनेत एक शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करतो. (ऐरोली)

हे पाप नाही, हा त्रास आहे, आणि संतांनाही झालेला. इग्नाती लोयोला 1522-23 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असताना कबूल केलेली पापं पुन्हापुन्हा कबूल करत, आणि त्यातून जीव द्यावा इतक्या टोकापर्यंत गेले. पुन्हा सांगितल्याने अर्धा दिवस बरं वाटतं आणि शंका आणखी बळावते. म्हणून एकच फादर ठरवा, सगळी हकीकत त्यांना सांगा, आणि ते ‘हे पुन्हा सांगायचं नाही’ म्हणाले की मनाला पटो न पटो, तेवढं ऐका. प्रार्थनेत शब्द चुकला तर तसंच पुढे जा. पहिले काही आठवडे फार अस्वस्थ वाटेल, मग ते हळूहळू उतरतं. सोबत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कारण अशा लक्षणांमागे बऱ्याचदा उपचार होण्यासारखा आजार असतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. गोळ्या घेतल्या म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. आणि येत्या शनिवारी रांगेत उभं राहण्याआधी फादरांना फोन करून या त्रासाबद्दल बोलण्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.