पेपरातले 10 अंश कुणाच्या शिवारातले?

थंडीबद्दल आलेल्या पत्रांतली चार या आठवड्यात घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसाच प्रश्न सावदा, फैजपूर, चोपडा इकडूनही आला. शेती वेधशाळेत सकाळ-दुपार नोंदी घेण्यात माझी 26 वर्षं गेली, त्या अनुभवावर उत्तरं देते.

ताई, माझी कांदेबाग केळी आहे. मागच्या आठवड्यात पेपरात किमान तापमान 10 अंश आलं होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. चार दिवसांनी नाल्याकाठच्या ओळींत पानांवर चरका, म्हणजे थंडीचा मार, दिसला. चढावरच्या ओळी चांगल्या आहेत. आकडा चुकीचा होता का? आता येत्या आठवड्यात काय करू?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

भाऊ, आकडा बरोबर होता, पण तो तुमच्या नाल्याकाठचा नव्हता. वेधशाळेतला तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. त्याच आवारात गवताच्या शेंड्यांना टेकवलेला दुसरा तापमापी असायचा. आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला, अशा रात्रीनंतर सकाळी सातला मी दोन्ही वाचायचे, तेव्हा गवतावरचा आकडा पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी खाली असायचा. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब वर सोडून देते. वर ढग नसले तर ती अडत नाही. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत नाल्यात, खोलगट वाफ्यांत साचते. तुमच्या चढावरच्या ओळी त्यामुळेच वाचल्या.

आमचं शेत तापीकाठचं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जानेवारीत मी घरी फोन केला, "आप्पा, आज नऊच्या वर आहे, निवांत झोपा." त्याच आठवड्यात आमच्या खोलग्यातली बाग पिवळी पडून करपली. आप्पा एवढंच म्हणाले, "खालच्या पाटात हिव साचतं, पोरी." मी सांगितलेला आकडा खरा होता, पण त्यावर दिलेला सल्ला चुकला. ते मला आजही लागतं, म्हणून हे उत्तर लांबवते आहे.

आता येत्या आठवड्याचं. मी हे मंगळवारी लिहिते आणि अंक तुमच्या हाती शनिवारी पडतो, त्यामुळे इथे आकडा छापण्यात अर्थ नाही. आज पहाटे आमच्या गल्लीत चुलीचा धूर लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला आणि तिथेच आडवा पसरला. याचा अर्थ खाली गार हवा बसली आहे आणि तिच्यावर उबदार थर आहे. वारा उत्तरेचा, कोरडा. हे असंच राहिलं तर पुढच्या चार-पाच पहाटा केळीला जड जातील, असं धरून तयारी ठेवा. जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, तिच्यात पाच दिवसांचा अंदाज असतो. मेघदूत ॲपवरही तो मिळतो. त्यातला किमान तापमानाचा आकडा घ्या, खोलगट जमिनीसाठी त्यातून तीन वजा करा, आणि मग रात्रीचं ठरवा.

केळीची वाढ 16 अंशांखालीच मंदावते. पारा त्याहून बराच खाली गेला की पोंगा (नवं गुंडाळलेलं पान) उलगडत नाही, पानं पिवळी पडून कडेने करपतात, निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, बागेत घड गळ्यात अडकतो. उपायांत माझा सगळ्यात जास्त भरवसा रात्रीच्या पाण्यावर. विहिरीचं, बोअरचं पाणी या दिवसांत हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. शेतीपंपाची रात्रीची लाईन (वीज) तुमच्या वाट्याला आली असेल तर ती वाया घालवू नका, पण सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचा वावर आहे, एकट्याने पाणी भरायला जाऊ नका. पहाटेचा धूर सगळे करतात. वारा पडलेला असेल आणि अख्ख्या शिवारात एकाच वेळी ओला पालापाचोळा धुमसत असेल तर थोडा उपयोग होतो. एकट्याच्या बांधावरचा धूर शेजाऱ्याकडे निघून जातो. घड बाहेर आले असतील तर त्यांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घाला. उत्तरेच्या बांधाला शेवरी किंवा गजराज गवत नसेल तर पुढच्या लागवडीआधी लावा. चरका पडलेली हिरवी पानं कापायची घाई मात्र करू नका. अर्धं जळालेलं पानही झाडाला अन्न देतं.

आणखी एक. फळपीक विम्यात थंडीचं नुकसान धरताना तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद बघतात, तुमच्या बांधावरची नाही. म्हणून त्या केंद्राचा रोजचा आकडा वहीत उतरवून ठेवा. त्याच्या शेजारीच तुमच्या नाल्याकाठचा आकडाही लिहा. साधा किमान-कमाल तापमापी सावलीत, चार फुटांवर टांगला तरी चालेल.

दोन दिवस आभाळ भरून आलं आणि रात्री गोधडीसुद्धा नको झाली. थंडी गेली का? गहू उशिरा पेरला आहे, म्हणून जीव खालीवर होतो.
— शेतकरी, शिंदखेडा तालुका

जिभाऊ, थंडी गेलेली नाही. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, हिमालयात बर्फ पाडतात, आणि त्यांच्या प्रभावाने आपल्याकडेही कधी ढग येतात. ढग जमिनीची ऊब परत खाली पाठवतात, म्हणून रात्र उबदार होते. झंझावात पूर्वेकडे सरकला की उत्तरेचा वारा मोकळा होतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पारा घसरतो. तुमच्या गव्हाला तेच हवं आहे, फुटवे त्याच थंडीत धरतात. ढगांच्या दिवसांत हरभऱ्यावर घाटेअळी आणि गव्हावर मावा वाढतो, तेव्हा रोज सकाळी पिकात फिरा, पण नुसते ढग पाहून पंप पाठीला लावू नका. झंझावाताला बंगालच्या उपसागराकडून ओलावा मिळाला तर मात्र गारपिटीची भीती असते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्राने ती किती भोगली, हे आपल्याला सांगायला नको. गारांचा इशारा असेल तर कापलेलं पीक त्या दिवशी उघड्यावर ठेवू नका.

सातपुड्यातल्या डाब गावाला गवतावर पांढरा थर दिसतो. लोक म्हणतात बर्फ पडला. खरंच पडतो का?
— विद्यार्थिनी, तळोदा

नाही गं, वरून बर्फ पडत नाही. दवच गवताच्या पात्यावर गोठतं. चार फुटांवरच्या तापमापीत तीन-चार अंश असतानाही गवत शून्याला पोहोचू शकतं. रावेरच्या भाऊंना जे लिहिलं तेच इथे घडतं. "थंडीची लाट" हा शब्दही लोक सैल वापरतात. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी असेल, तर हवामान विभाग लाट म्हणतो. पारा 4 किंवा खाली गेला तर सरासरी न बघताही म्हणतो. तू एक कर, पहाटे तो थर घराच्या छपरावर, गवतावर आणि झाडाखाली असा तीन ठिकाणी बघ आणि मला कळव. झाडाखाली तो बहुधा नसेल.

सूनबाई बाळंत होऊन बारा दिवस झाले. थंडी फार, म्हणून रात्रभर खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतो, दारं-खिडक्या लावून. सून नको म्हणते. तुम्ही सांगा.
— एक आजी, चाळीसगाव

अक्का, सूनबाईंचं ऐका. आजच रात्रीपासून. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागं व्हायची संधी तो देत नाही. धूर निवला म्हणजे शेगडी सुरक्षित झाली, हा समज फार घातक आहे. शेक द्यायचाच तर दिवसा, दार उघडं ठेवून, जागेपणी द्या आणि शेगडी लगेच बाहेर न्या. रात्री बाळाला टोपी-मोजे घाला. आई जागी असताना तिच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांवर पांघरूण घ्या. एवढ्या लहान जिवाला याहून चांगली ऊब नाही. फक्त बाळाचं तोंड-नाक झाकू नका, आणि खिडकीची एक फट रात्रभर उघडी असू द्या.

खोलीत कोणाचंही डोकं जड झालं, मळमळलं, भोवळ आली, तर आधी बाळाला आणि सूनबाईंना उघड्या हवेत आणा, आणि तिथूनच दवाखान्यात न्या.