नदीकाठी गोड्या पाण्याचं संशोधन आणि शिक्षण केंद्र काढायचं आहे. इमारत, बोट आणि प्रयोगशाळेसाठी निधी कुठून आणावा?

निधीचं नंतर बघू. आधी इमारत आणि बोट यादीतून खोडा. सांगलीकडे कृष्णेच्या काठी एका ट्रस्टचं असं केंद्र मी बरीच वर्षं सांभाळलं. बोट बहुतेक काळ बांधून पडलेली असायची. कामाला आली ती दोर बांधलेली बादली.

नियम एकच कडक होता: दर बुधवारी, सूर्य उगवायच्या आत, पुलावरून त्याच जागचं पाणी काढायचं. काढणार हायस्कूलची मुलं. 300 मिलीची बाटली काठोकाठ भरायची, बूच लावताना आत बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटचं टोक बुडवून सोडायचं. गाळ तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे.

एका मार्चमध्ये गाळ पांढराफेक बसला. "सर, औषध खराब झालंय का?" एका मुलीने विचारलं. दुसरी बाटली भरली, तेच. उजाडल्यावर कारण दिसलं. कटला, चिलापी पोट वर करून काठाला लागलेले, मरळ तेवढे तोंड वर काढून हवा घेत होते. पाण्याला मळीचा वास. उन्हाळ्यात आमच्याकडची नदी कोयनेतून किती पाणी सुटतं त्यावर चालते, आणि त्या आठवड्यात वरून फारसं येत नव्हतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. त्यांचे साहेब आले दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आणि तोवर वरून पाणीही सोडलेलं. त्यांचा आकडा उत्तम आला. येणारच! उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्रभर तेच शेवाळ तो ओढून घेतं. नदीची खरी अवस्था कळते पहाटे. बैठकीत मी हेच मांडलं तर उत्तर मिळालं, "शाळकरी पोरांच्या आकड्यांवर कारवाई होत नसते." त्यांच्या स्वतःच्या कागदावर वेळेचा रकाना कोरा होता. मुलांच्या वहीत वेळ, पाण्याचं तापमान आणि बाटली कुणी भरली त्याचं नाव, सगळं होतं. मागच्या प्रत्येक मार्चचंसुद्धा.

कायद्याने साहेब बरोबर होते, हे मान्य. 1974 च्या जल कायद्यात सांडपाण्याचा नमुना कुणी, कुणाला कळवून आणि कसा सीलबंद करून घ्यायचा हे कलम 21 मध्ये ठरवून दिलंय. बाकीचा कोर्टात टिकत नाही. पण आमचा आकडा कोर्टासाठी नव्हताच. किती वाजता आणि कुठे येऊन बाटली भरा, एवढं सांगायला तो पुरेसा होता. ऐकायचंच नव्हतं त्याला काय करणार.

म्हणून संशोधनाची एक खोली आणि शिक्षणाचा वेगळा हॉल, असा आराखडा कुणी पुढे केला की माझं डोकं फिरतं. आमच्या विश्वस्तांनाही मत्स्यालय हवं होतं. काचेतला मासा बघून पोरांना नदी कळत नाही, स्वतः भरलेल्या बाटलीतून कळते.

आता निधी. सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी वाटणारे, इमारत देतात, कारण तिच्यावर पाटी लावता येते. प्राणवायू मोजायला लागणाऱ्या थायोसल्फेटच्या बाटलीवर लावता येत नाही. तुम्ही मात्र त्यांच्याकडे एका चांगल्या माणसाचा पाच वर्षांचा पगार आणि रसायनांचा खर्च मागा. नाही म्हणाले तर जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी बोला, तिथे निम्मं सामान कपाटात पडून असतं. खोली भाड्याची चालेल, फक्त निळ्या पूररेषेच्या बाहेरची बघा (निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या). 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे 45, त्यामुळे लाल रेषेच्याही बाहेर मिळाली तर उत्तम.

जाळी टाकायची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाला आणि कासवांना हात लावायचा असेल तर वन विभागाला आधी विचारा. बाटलीतला गाळ विरघळवायला सल्फ्युरिक आम्ल लागतं, ते मोठ्या माणसानेच ओतायचं. आणि तुमची जागा भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात असेल तर मगरी आहेत, मुलांना पाण्यात उतरवू नका. बादली पुलावरूनच सोडा.