सोनं इतकं अलिप्त, मग त्याचा स्फोट कसा होईल?

सोनं गंजत नाही, सहसा कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही, मग किमयागारांनी सोन्याचं स्फोटक बनवलं ही थाप आहे का, असं तुम्ही विचारलंय. थाप अजिबात नाही, उलट सोनं असं अलिप्त असतं म्हणूनच सोनं आणि अमोनियापासून बनलेलं ते संयुग (फल्मिनेटिंग गोल्ड) फुटतं. सोन्याला कुणाशी बांधून राहायचं नसतं, परत धातू व्हायचं असतं, आणि त्यात अमोनियातून आलेला जो नायट्रोजन असतो त्यालाही जोडी जमवून वायू व्हायचं असतं, म्हणजे दोघंही सुटायला टपलेलेच, जरा घासलं किंवा तापलं की बार!

पहिली नोंद १५८५ सालची, झेबाल्ड श्वेर्ट्झर नावाच्या जर्मन किमयागाराची. पुढे बासिल व्हॅलेंटाइन या किमयागाराच्या नावाने छापलेल्या ग्रंथांत तर सरळ ताकीदच आहे की ही पूड विस्तवावर किंवा उन्हात वाळवू नका. मला सगळ्यात आवडतं ते रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युअल पीप्सने लंडनमध्ये ११ नोव्हेंबर १६६३ ला डायरीत लिहिलेलं. त्याला एका डॉक्टरने सांगितलं की चांदीच्या चमच्यात ही पूड एक ग्रेन, म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, पेटवली तर बंदुकीसारखा आवाज होऊन चमच्याला खालून भोक पडतं, वरच्या बाजूला जोरच जात नाही.

आणि धूर जांभळा! तो जांभळा का हे ४०० वर्षं नीट सिद्धच झालं नव्हतं, २०२३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी तो धूर तांब्याच्या बारीक जाळीवर पकडून मायक्रोस्कोपखाली पाहिला तर त्यात सोन्याचे गोल नॅनोकण निघाले, म्हणजे सोनं खरंच परत धातू होऊन बाहेर पडतं.

चांदीचं असंच संयुग बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये केलं, ते तर इतकं नाजूक की नुसता स्पर्श पुरे, त्यामुळे कृपा करून यातलं काहीही घरी करून बघू नका. सिल्व्हर फल्मिनेट हे मात्र चांदीचंच वेगळं स्फोटक, आपली पोरं दिवाळीत जमिनीवर आपटतात त्या पॉप-पॉपमध्ये ते कणभर असतं. पुढे मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ झालेल्या लीबिगला लहानपणी जत्रेतल्या फेरीवाल्याकडे ते बघून वेड लागलं, आणि १८२४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकबरोबर त्याने या फल्मिनेटचा फॉर्म्युला काढला तर तो व्होलर या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या सिल्व्हर सायनेट या संयुगाशी तंतोतंत जुळला, एक फुटणारं आणि एक न फुटणारं, आधी वाटलं कुणाचं तरी चुकलंय पण दोघंही बरोबर होते, अणू तेच फक्त रचना वेगळी, स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३० मध्ये त्यालाच आयसोमेरिझम म्हटलं.